फुंकर मारलेली कॅसेट आणि सात वाजताचा भोंगा

वाचकहो, नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टी.व्ही. आला त्यांना हे दृश्य आठवत असेल. मे महिन्याची सुट्टी. टी.व्ही.समोर चार-पाच पोरे मांडी घालून बसली आहेत. मध्ये 'सामुराई' किंवा 'मीडिया' नावाचा एक डबा, त्याला वायरीने जोडलेले दोन रिमोट. गेम काही सुरू होत नाही. मग थोरला उठतो, कॅसेट उपसून काढतो, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारतो आणि पुन्हा दाबून बसवतो. गेम चालू!

ज्यांच्या घरी डबा नव्हता ती पोरे रुपयाचे नाणे मुठीत धरून स्टँडजवळच्या गाळ्यात जात. आणि ज्यांच्याजवळ रुपयाही नव्हता ती मागे उभी राहून दुसऱ्याचा खेळ बघत. साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, या तिसऱ्या प्रकारच्या पोरांची गर्दी सर्वांत मोठी असे.

आज तीच पोरे आईबाप झाली आहेत. त्यांची मुले मोबाईलवर खेळतात आणि ते मुलांवर ओरडतात. म्हणून म्हटले, या खेळांच्या इतिहासातले काही अजब विक्रम आणि गमतीजमती आज सांगाव्यात. ओरडायचेच असेल तर निदान माहिती घेऊन ओरडावे!

प्रथम त्या फुंकरीबद्दल. फुंकरीने कॅसेट चालत नव्हती. कॅसेट काढून पुन्हा बसवली की आतले पितळी दात नीट टेकत आणि गेम सुरू होई. श्रेय मात्र फुंकरीला मिळे. उलट तोंडातल्या ओलाव्याने ते दात गंजतात, म्हणून फुंकर मारू नका असे निन्टेंडो कंपनीनेच सांगून ठेवले होते. कुणी कुणाला शिकवले नाही, तरी सांगलीतला पोरगा, टोकियोतला पोरगा आणि न्यूयॉर्कमधला पोरगा तीच चूक त्याच पद्धतीने करत होता. आमच्या मते हाही एक जागतिक विक्रमच!

कॅसेट कोणी आणली?

आता त्या कॅसेटचा जनक पाहा. याचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. जेरी लॉसन. जन्म १९४०, न्यूयॉर्कचा ब्रुकलिन भाग. कृष्णवर्णीय कुटुंब. आजोबा पदार्थविज्ञान शिकलेले, पण काळ्या माणसाला त्या विषयातली नोकरी कोण देणार? त्यांनी आयुष्य टपाल खात्यात काढले. वडील गोदी कामगार. पण विज्ञानाची पुस्तके वाचण्याचा नाद. आई अशी खमकी की मुलाला कोणत्या शाळेत घालायचे ते ती स्वतः शाळेत जाऊन, शिक्षकांना प्रश्न विचारून ठरवी. पहिलीच्या वर्गात जेरीच्या बाकाजवळ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे चित्र लावलेले होते. गुलामगिरीत जन्मून मोठा कृषिशास्त्रज्ञ झालेला हा माणूस. तूही असा होऊ शकतोस, असे बाईंनी पोराला सांगितले. ते त्याच्या डोक्यात पक्के बसले.

लॉसन वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षापासून रेडिओत रमला. पुढे लोकांच्या घरी जाऊन टी.व्ही. दुरुस्त करून पैसे मिळवू लागला. कॉलेजात गेला, पण पदवी पूर्ण केली नाही. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात फेअरचाइल्ड कंपनीत इंजिनिअर असताना त्याने आपल्या गॅरेजमध्ये, कंपनीला न सांगता, मोटारींच्या टकरीचा एक गेम बनवला. कंपनीला ते कळले. नोकरी गेली नाही, उलट कंपनीने व्हिडिओ गेमचे कामच त्याच्या हाती दिले.

तोपर्यंत घरगुती गेमची पेटी म्हणजे बांधलेले गाठोडे होते. आत जे दोन-चार खेळ असतील तेवढेच. त्यांचा कंटाळा आला की पेटी माळ्यावर. लॉसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये 'चॅनल एफ' नावाची पेटी बाजारात आणली. हिचे वैशिष्ट्य म्हणजे खेळ वेगळ्या कॅसेटमध्ये. एक काढा, दुसरी घाला. आज हे सोपे वाटते. पण लहान मुले दिवसातून पन्नास वेळा कॅसेट खुपसणार, उपसणार. तरी आतली नाजूक चिप जळता कामा नये, हे साधणे अवघड होते. मध्येच खेळ थांबवण्याचे बटणही या पेटीला होते. आई जेवायला हाक मारते तेव्हा मुले "पॉज केलंय" म्हणून ओरडतात ना, त्या सोयीचे मूळही इथलेच.

लॉसनची आणखी एक गंमत. ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझनिअॅक, तरुणपणी त्याच्याकडे नोकरीच्या मुलाखतीला आला होता. लॉसनने त्याला घेतले नाही!

'चॅनल एफ' धंद्यात मागे पडली. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, अटारी कंपनीने तशीच कॅसेटची पेटी आणली आणि पैसाही तिने मिळवला, नावही तिचेच झाले. लॉसन सांगत असे की, फोनवर वर्षभर बोललेली माणसे प्रत्यक्ष भेटली की चकित होत. हा काळा असेल असे त्यांच्या मनातही आलेले नसे. गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याचा जाहीर सत्कार केला तो २०११ च्या मार्चमध्ये. एप्रिलमध्ये तो वारला. पस्तीस वर्षांनी सत्कार आणि सत्कारानंतर महिन्याभरात मृत्यू. उशिराच्या सत्काराचा हा विक्रम कुठल्या पुस्तकात नोंदलेला नाही.

बॉम्बवाल्याचा टेनिस

त्याहीमागे गेलो तर आणखी अजब माणूस भेटतो. विल्यम हिगिनबॉथम. अणुबॉम्ब बनवणाऱ्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत याने इलेक्ट्रॉनिक्सच्या गटाचे नेतृत्व केले होते. युद्धानंतर त्याचे मन पालटले आणि अण्वस्त्रांना आळा घालावा म्हणून शास्त्रज्ञांनी जी संघटना उभारली तिच्या स्थापनेत तो पुढे होता. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रुकहेव्हनच्या प्रयोगशाळेत लोकांना भेटीचा दिवस होता. नुसती यंत्रे बघून लोक कंटाळतात, म्हणून याने गोल काचेच्या लहानशा पडद्यावर उजेडाच्या ठिपक्याचा टेनिसचा खेळ मांडला. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी पुन्हा दाखवला आणि मग सुटे भाग दुसऱ्या कामाला लागतात म्हणून मोडून टाकला. पेटंट नाही, पैसा नाही. लोकांनी आपल्याला अण्वस्त्रविरोधी कामासाठी ओळखावे अशी त्याची इच्छा होती. लोक ओळखतात ते टेनिसच्या ठिपक्यासाठी!

जपानच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'ची कथा याहून वेगळी. १९७८ चा हा खेळ. वरून शत्रूंच्या रांगा खाली येतात, आपण खालून गोळ्या मारायच्या. शत्रू कमी होतील तसे उरलेले जास्त वेगाने धावतात आणि खेळणाऱ्याची छाती धडधडते. हे कोणी मुद्दाम केलेले नव्हते! त्या काळचे यंत्र इतके दुबळे की पन्नास-पंचावन्न आकृत्या हलवताना त्याची दमछाक होई. आकृत्या कमी झाल्या की यंत्राचा भार हलका होई आणि ते पळू लागे. निर्मात्या निशिकादो यांनी ते तसेच ठेवले. या खेळामुळे जपानात नाण्यांचा तुटवडा पडला असे सर्वत्र छापून येते. ती मात्र दंतकथा आहे.

'पॅकमन' हा गोळ्या खात फिरणारा पिवळा गोळा १९८० सालचा. त्याचा २५६ वा टप्पा आला की अर्धा पडदा अक्षरांच्या खिचडीने भरून जातो आणि पुढे जाता येत नाही. जुन्या मोटरसायकलचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ च्या पुढे गेला की शून्यावर येतो, तसेच हे. टप्पे मोजायला यंत्रात जेवढी जागा दिली होती, तिच्यात २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. पहिल्या २५५ टप्प्यांतली प्रत्येक गोळी, प्रत्येक फळ, प्रत्येक भूत एकदाही न मरता खाल्ले आणि २५६ व्या टप्प्यातही मिळतील तेवढे गुण मिळवले तर गुण होतात ३३,३३,३६०. त्याहून जास्त कोणालाच मिळू शकत नाहीत.

हरवलेला विजेता

आता विक्रमांकडे वळू. 'ॲस्टरॉइड्स' नावाचा गेम होता. दगड अंगावर येतात, ते फोडायचे. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्कॉट सॅफ्रन या पंधरा वर्षांच्या मुलाने एका नाण्यावर दोन दिवसांहून अधिक काळ खेळून ४,१३,३६,४४० गुण केले. झोप नाही. जेवायचे कसे? त्याची युक्ती अशी की, दर दहा हजार गुणांना एक जादा विमान मिळते. ती साठवत जायची. मग पाच-दहा मिनिटे यंत्र सोडून गेले तरी तेवढ्या वेळात काही विमाने फुटतात, बाकीची शिल्लक राहतात.

विक्रम नोंदवणाऱ्यांनी तो लिहून ठेवला. वर्षे गेली, कोणाला तो मोडता येईना. मग या मुलाचा सत्कार करावा म्हणून त्यांनी त्याचा शोध सुरू केला. तो सापडेना. 'हरवलेला विजेता' असे त्याचे नाव पडले. अखेर २००२ मध्ये घरच्यांचा पत्ता लागला तेव्हा कळले की, तो १९८९ मध्येच गेला. पाळलेल्या मांजराला वाचवायला गेला आणि उंचावरून पडला. सन्मान घरच्यांनी स्वीकारला. त्याचा विक्रम मोडला २०१० मध्ये. ॲलिस्टर नव्हे, मॅकॲलिस्टर नावाच्या गृहस्थाने अठ्ठावन्न तास खेळून ४,१३,३८,७४० गुण केले. चार कोटींच्या वर गुण आणि फरक केवळ २,३०० चा!

त्याच काळातला दुसरा वेडा टिम मॅकव्हे. आयोवा राज्यातल्या ऑटम्वा या लहान गावात त्याने १९८४ च्या जानेवारीत 'निब्लर' हा सापाचा खेळ चव्वेचाळीस तास खेळून शंभर कोटींच्या वर गुण केले. एका खेळात शंभर कोटी गाठणारा तो पहिला माणूस. गावाने त्याच्या नावाने एक दिवस जाहीर केला. आपल्याकडे कुस्तीच्या गदेची मिरवणूक निघते तसाच हा प्रकार. फरक एवढाच की या पैलवानाची बोटे सुजली होती.

विटांचा खेळ

जत्रेत मिळणारा तो हातातला विटांचा खेळ आठवतो? डब्यावर मोठ्या अक्षरांत '९९९९ इन १' असे लिहिलेले असे. आत खेळ पाच-दहाच. वेग आणि सुरुवात बदलून तेच पुन्हा मोजलेले. थापेचा हा उच्चांक सोडला तर मूळ खेळ मात्र अस्सल होता. 'टेट्रिस'. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीत काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तो १९८४ मध्ये बनवला. हक्क सरकारकडे गेले. खेळ जगभर खपला आणि बनवणाऱ्याला त्याच्या खपातला वाटा मिळू लागला तो १९९६ पासून. १९९३ मध्ये सेरेब्रोव्ह या रशियन अंतराळवीराने तो 'मीर' अंतराळ स्थानकावरही नेला. पृथ्वीभोवती घिरट्या घालत विटा रचणारा हा पहिला गवंडी!

निन्टेंडोच्या पेटीवरच्या टेट्रिसचा वेग एकोणतिसाव्या टप्प्यानंतर इतका वाढतो की माणसाचे बोट पुरत नाही, असे वर्षानुवर्षे मानले जाई. मग पोरांनी रिमोट धरण्याच्याच नव्या पद्धती काढल्या. २०२३ च्या २१ डिसेंबरला ओक्लाहोमाचा तेरा वर्षांचा विलिस गिब्सन १५७ व्या टप्प्यावर पोहोचला आणि यंत्रच गोठले. चौतीस वर्षांत माणसाने हा खेळ पहिल्यांदा हरवला. त्याचे वडील त्याच महिन्यात वारले होते. त्याने तो विक्रम त्यांना अर्पण केला.

यावर इंग्लंडच्या एका वृत्तवाहिनीच्या निवेदिकेने काय म्हणावे? आई या नात्याने सांगते, पडद्यापासून बाजूला हो, बाहेर जाऊन जरा मोकळी हवा घे, अशा अर्थाचे ती बोलली. लोकांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. आम्हाला टीका पटते. पण वाचकहो, खरे सांगा, आपल्या घरातल्या पोराने हा पराक्रम केला असता तर पहिले वाक्य आपल्या तोंडून कोणते निघाले असते?

रिकामी बस, गाडलेल्या कॅसेटी

सर्वांत कंटाळवाण्या खेळाचा मान 'डेझर्ट बस'कडे जातो. १९९५ साली अमेरिकेतल्या पेन आणि टेलर या जादूगारांच्या जोडीने थट्टेसाठी तो बनवून घेतला. टक्सन ते लास व्हेगास रिकामी बस चालवायची. वेग जास्तीत जास्त ताशी ४५ मैल. प्रवासाला खरोखरीचे आठ तास लागतात. वळण नाही, प्रवासी नाही, दुसरी गाडी नाही, खेळ मध्ये थांबवण्याची सोय नाही. बस सारखी उजवीकडे ओढते म्हणून हात सोडता येत नाही. रस्त्यावरून खाली उतरली की टोचण लावून परत टक्सनला आणतात, तेही खऱ्या वेळेत! आठ तासांनी पोहोचलात तर गुण मिळतो एक. मग वाटले तर परत फिरा, दुसरा गुण मिळवा.

साताऱ्याहून उंब्रज, कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीला जाणाऱ्या एस.टी.च्या चालकाला हा खेळ दाखवला तर तो काय म्हणेल? त्याची बस निदान भरलेली असते आणि भांडायला माणसे असतात.

हा गेम दुकानात कधी आलाच नाही. काढणारी कंपनीच बुडाली. पण पुढे त्याची प्रत लोकांच्या हाती लागली आणि २००७ पासून कॅनडातली काही मंडळी दरवर्षी दिवसच्या दिवस ही बस चालवून दवाखान्यातल्या मुलांसाठी निधी जमवू लागली. थट्टेच्या बसने लाखो डॉलर जमवले.

पैशाच्या नासाडीचा मान दुसऱ्याकडे. 'ई.टी.' हा सिनेमा १९८२ मध्ये गाजला. अटारीने कोट्यवधी डॉलर मोजून त्याचे हक्क घेतले आणि नाताळच्या आत गेम हवा म्हणून हॉवर्ड वॉर्शा या इंजिनिअरला दिले पाच आठवडे. एकट्या माणसाने पाच आठवड्यांत जे केले ते लोकांना आवडले नाही. मालाचे ढीग पडून राहिले. १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोच्या अलामोगोर्डो गावाजवळच्या कचरा डेपोत ट्रकच्या ट्रक कॅसेटी पुरल्या आणि वर काँक्रीट ओतले. पुष्कळांना ही अफवा वाटे. २०१४ च्या एप्रिलमध्ये खणून पाहिले तर कॅसेटी निघाल्या! आणि पुरताना कवडीमोल असलेला तो कचरा लिलावात विकला गेला.

याच्या उलट 'सुपर मारिओ'ची एक सीलबंद कॅसेट २०२१ च्या ऑगस्टमध्ये वीस लाख डॉलरला, म्हणजे आपल्या सुमारे पंधरा कोटी रुपयांना गेली. एवढी किंमत का? तर ती कोणीच कधी खेळलेली नव्हती! फुंकर तर दूरच.

आता खिशाकडे

इथवर सगळी गंमत झाली. रुपयाच्या नाण्याचा खेळ रुपया संपला की संपत असे. मोबाईलवरच्या पैसे लावून खेळायच्या रमीला आणि तसल्या खेळांना तो अटकाव नव्हता. पगार जमा होतो तेच खाते खेळाला जोडलेले. रात्री दोन वाजता, बायकोमुले झोपलेली असताना, गोधडीत तोंड घालून माणूस महिन्याचे रेशन हरू शकत होता आणि घरात कोणाला आवाजही येत नव्हता. पत्त्यांच्या अड्ड्यावर निदान बाई जाऊन उभी राहू शकत होती.

२०२५ च्या जुलैमध्ये तर महाराष्ट्राच्या विधिमंडळात एका मंत्रिमहोदयांच्या मोबाईलवर रमी दिसल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. पुढे त्यांचे कृषी खाते काढून घेतले आणि त्यांना दिले कोणते? क्रीडा खाते! अजब गोष्टींच्या या यादीत आपल्या राज्याचीही भर पडली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणजे घरात कोणी फसले असेल तर लाजेने किंवा पोलिसांच्या भीतीने गप्प बसण्याचे कारण नाही. आणि हेही लक्षात ठेवावे की, कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांना, ज्याला ई-स्पोर्ट्स म्हणतात, हा कायदा वेगळे मानतो. पोराच्या हातात मोबाईल दिसला की तो जुगारच खेळतो असे नव्हे.

वडगावचा भोंगा

शेवटी आपल्या मुलखातला विक्रम. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. उसाचा पट्टा, लोक शेतीत नाहीतर साखर कारखान्यात. कोरोनाच्या काळात शाळा बंद झाल्या आणि शिकवणी मोबाईलवर आली. ज्या घरात फोन घ्यायची ऐपत नव्हती तिथेही उसनवारी करून फोन आला. शाळा उघडल्या, पण फोन काही पोरांच्या हातून सुटेना. शिक्षक तक्रार करत. आया म्हणत, आम्ही तरी काय करणार? आणि सत्य असे की घरातली मोठी माणसेही टी.व्ही.च्या मालिकांना चिकटलेली.

२०२२ च्या १४ ऑगस्टला गावातल्या स्त्रियांची सभा झाली. सरपंच विजय मोहिते यांनी विषय मांडला आणि ठरले ते असे : रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. त्या क्षणी घरातला टी.व्ही. बंद, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे, काय वाटेल ते करायचे. दंड नाही, शिक्षा नाही. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक, ग्रामपंचायतीची माणसे सुरुवातीला दारोदार फिरून समजावत. काहींनी चेष्टा केली, भोंग्याने कुठे फोन सुटतो का म्हणून. पण नियम मोठ्यांनाही लागू होता, आणि पोरांना ते बरोबर समजले. बापाच्या हातातला फोनही सातला खाली जातो म्हटल्यावर वाद घालायला जागा राहिली नाही.

ही बातमी सांगलीबाहेर पसरली. देशाच्या आणि परदेशाच्या वर्तमानपत्रांत आली. ज्या भोंग्यावर कारखान्याची पाळी बदलते, तसल्याच भोंग्यावर एका गावाने पडद्याची पाळी बदलली. बंदी दीड तासाची. साडेआठला दुसरा भोंगा वाजायचा, आणि मग ज्याला मालिका बघायची त्याने मालिका बघावी, ज्याला विटा रचायच्या त्याने विटा रचाव्यात.